घर काढणं

आमचं गाव शिरोळ तालुक्यात, कृष्णेच्या काठाला. नदीकाठच्या घरात पाणी दोन वाटांनी येतं. पुराचं पाणी सगळ्यांना दिसतं. ओलीचं पाणी जोत्यातनं गुपचूप वर चढतं.

मी लहान असताना, म्हणजे १९६५-७० च्या सुमाराला, आमच्या घराच्या भिंती पांढऱ्या मातीच्या होत्या. वर खापरी कौलं, खाली शेणानं सारवलेली जमीन. मातीची भिंत पाणी पिते, तशी सोडतेही. तिच्यावर चुन्याचा हात असायचा. चुना जहाल, त्याच्यावर बुरशी सहसा धरत नाही, आणि तो भिंतीतली ओल कोंडतही नाही. चुलीच्या उबेनं दमट हवा धुरासंगं कौलांच्या फटींतनं बाहेर जायची.

पाऊस सरला की घटस्थापनेआधी घर काढायचं. कणगीपासून उतरंडीपर्यंत सगळं अंगणात. वाकळा नदीवर धुऊन दगडांवर वाळत. रिकाम्या घराची दारं दिवसभर सताड उघडी. आई म्हणायची, "आधी घराला ऊन दावा, मग देवाचं घट बसवा." आम्हाला ते देवाचं काम वाटायचं. पावसाळाभर मुरलेली ओल काढायचंही ते काम होतं, हे फार उशिरा कळलं.

जुन्याचं नुसतं कौतुक मात्र नको. त्याच चुलीच्या धुरात आईला जन्मभर खोकला राहिला. आणि २००५ च्या महापुरात त्या मातीच्या भिंती बसल्या. मग आम्ही विटा-सिमेंटचं स्लॅबचं घर बांधलं. गॅस आला. कपाटं भिंतीला चिकटली, खिडक्या डासांसाठी बंद राहू लागल्या. घर काढायचं हळूहळू सुटलं.

ऑगस्ट २०१९ ला पाणी २००५ च्याही वर चढलं. घर पडलं नाही, यातच आम्ही खूश. चिखल उपसला. गणपती २ सप्टेंबरला होते. कळकट भिंतीपुढं देव कसा बसवायचा, म्हणून मी घाईनं ऑइलपेंट मारून घेतला. वीट आतनं भिजलेली आणि वरनं मी तिचं तोंड बांधलं. दिवाळीपर्यंत रंग फुगला. कपाट सरकवलं तर मागं काळी-हिरवी बुरशी. चार वर्षांचा नातू रात्री धापा टाकायला लागला. डॉक्टरांनी औषध दिलं आणि विचारलं, "घरात ओल आहे का?" मी खाली मान घातली.

नातवाला त्याच्या मामाकडं धाडला. खिडक्या उघडल्या, तोंडाला मास्क आणि हातात रबरी मोजे घातले. कोरड्या केरसुणीनं बुरशी झाडायची नाही, ती हवेत उडून घरभर बसते. म्हणून पाणी शिंपडून कमरेएवढा गिलावा खरवडला. फरशी, खिडक्या, लोखंडी कपाट साबणाच्या पाण्यानं घासून पुसून कोरडं केलं. कापसाच्या गाद्या टाकून दिल्या, त्यांच्या आतली बुरशी निघत नाही. ब्लीचिंग पावडरीत संडासाचं अॅसिड मिसळायला एक गडी निघाला होता, त्याला वेळीच अडवलं. त्यातनं विषारी वायू निघतो. भिंतीवर पांढरं फुललेलं मात्र बुरशी नव्हे, तो लोणा. पाण्याचा थेंब टाकला की विरघळतो. पण तोही ओलीचीच खूण सांगतो.

विटा उन्हाळाभर उघड्या ठेवल्या. मग गिलावा केला आणि वर चुनाच दिला. कपाटं भिंतीपासून वीतभर लांब ठेवली. नातवाची धाप कमी झाली. औषधाचा गुण किती आणि कोरड्या भिंतीचा किती, ते मला सांगता येणार नाही.

जुलै २०२१ ला पुन्हा पाणी घरात आलं. या खेपेला पाणी उतरल्याबरोबर गिलावा उतरवला आणि गणपती उघड्या विटांपुढंच बसवला. आरतीला आलेल्या कुणीही नावं ठेवली नाहीत. पुढं घटाआधी आम्ही सगळ्यांनी मिळून घर काढलं.