भेदिक लावणी

भेदिक लावणी हा मराठी शाहिरी काव्याचा एक प्रकार आहे. ‘भेद’ म्हणजे मर्म किंवा गुपित. ज्या लावणीत वरवरच्या अर्थाखाली दुसरा, बहुधा आध्यात्मिक वा पौराणिक अर्थ दडविलेला असतो, ती भेदिक होय. अशा कोड्यासारख्या रचनेस ‘कूट’ असेही म्हणतात. मुक्ताबाईंचे कूट अभंग व संत एकनाथांची भारुडे ही या परंपरेची जुनी नातलग होत.

सवाल-जवाब

भेदिक लावणी प्रामुख्याने कलगी व तुरा या पक्षांच्या झगड्यात गाइली जाते. कलगीवाले शक्तीला, म्हणजे मायेला श्रेष्ठ मानतात, तर तुरेवाले शिवाला, म्हणजे पुरुषतत्त्वाला. एका फडाने कूट घालावे व प्रतिपक्षाने ते गाण्यातूनच उलगडावे, असा संकेत आहे. उत्तर न देता येणे ही हार मानली जाते. त्यामुळे शाहिरास पुराणे व वेदान्त यांचा व्यासंग ठेवावा लागे. अनंत माने दिग्दर्शित ‘सवाल माझा ऐका’ (1964) या चित्रपटाने सवाल-जवाब शहरी प्रेक्षकांपर्यंत पोहोचविले.

अर्थ लपविण्याच्या रीती

* संख्यासंकेत : नऊ दारांचा वाडा म्हणजे देह, पाच म्हणजे पंचमहाभूते, सहा चोर म्हणजे षड्रिपू.
* श्लेष : ‘जीवन’ म्हणजे आयुष्य आणि पाणीही, ‘माया’ म्हणजे ममता, धन आणि जगाचा भास.
* रूपक : सासुरवाशीण म्हणजे जीव, सासर म्हणजे संसार, माहेर म्हणजे ईश्वराचे घर.

अहिल्यानगर जिल्ह्यातील शाहिरी

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील संगमनेर हे शाहीर अनंत फंदी (1744–1819) यांचे गाव. त्यांचा फटका श्रोत्याला उघड शब्दांत उपदेश करतो. भेदिक लावणी तोच उपदेश झाकून ठेवते. भेदिक रचना करणारे पठ्ठे बापूराव (1866–1945) यांच्या फडातील नामवंत कलावती पवळा ही संगमनेर तालुक्यातील हिवरगाव पावसा येथील होती.

महत्त्व

अक्षरओळख नसलेल्या श्रोत्यांपर्यंत वेदान्ताची परिभाषा पोहोचविण्याचे कार्य या लावणीने केले. कुटाचे उत्तर मात्र प्रतिपक्षाच्या कवनात असते. म्हणून केवळ सवाल जतन झाला आणि जवाब हरवला, तर शब्द उरतात, पण त्यांतील भेद कायमचा बंद होतो. संग्राहकाने दोन्ही बाजूंची कवने एकत्र नोंदविणे त्यामुळे आवश्यक ठरते.