हर्मन गोएट्झ : जाम्याच्या लांबीवरून वाचलेले शतक

अठरावे शतक म्हटले की आपल्याला पालखेड, पानिपत, खर्डा आठवतात. राजकीय इतिहासात ते मराठ्यांचे शतक आहे. हिंदुस्थानच्या कलेच्या इतिहासात मात्र ते बराच काळ उतरणीचे शतक मानले गेले. अकबर, जहांगीर, शाहजहान म्हणजे शिखर आणि औरंगजेबानंतर सगळा ऱ्हास, अशी ती सरधोपट मांडणी होती. या मांडणीबद्दल लवकर शंका घेणाऱ्यांत एक जर्मन कलेतिहासकार होता. तोच पुढे बडोद्यासारख्या मराठी राजघराण्याच्या संस्थानातल्या संग्रहालयाचा प्रमुख झाला, याचे मला नेहमीच अप्रूप वाटत आले आहे.

हर्मन गोएट्झ यांचा जन्म १८९८ सालचा, कार्ल्सरूहचा. त्यांचे सुरुवातीचे काम वरवर पाहता फारच किरकोळ विषयावरचे वाटते. मोगलकाळात इथल्या दरबारांतली माणसे कोणते कपडे घालीत, हा तो विषय. त्यावरचा त्यांचा अभ्यास १९२४ साली प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी एर्न्स्ट क्यूनेल यांच्यासह त्यांनी बर्लिनच्या ग्रंथालयातल्या जहांगीरच्या चित्रसंग्रहावर ग्रंथ काढला. कपड्यांचा हा अभ्यास कशासाठी, तर आपल्या जुन्या लघुचित्रांवर पुष्कळदा ना साल असते, ना चित्रकाराचे नाव. मग काळ ठरवायचा कसा? अकबराच्या वेळच्या चित्रांत टोके लोंबणारा चाकदार जामा दिसतो, पुढे ती टोके जातात आणि मुहम्मदशाहाच्या काळापर्यंत जामा पार पावलांपर्यंत उतरतो. पागोट्याची बांधणी आणि कमरेच्या शेल्याची रुंदी बदलत जाते. जाम्याचे बंद मुसलमान उजवीकडे बांधीत, हिंदू डावीकडे. हे बारकावे ध्यानात घेतले की मुके चित्र थोडे बोलू लागते.

या रीतीला मर्यादाही आहे. एखादी नवी फॅशन चित्रात दिसली, तर चित्र त्याआधीचे नाही एवढेच पक्के म्हणता येते. जुन्या चित्राची नक्कल पुढच्या पिढीने केली असेल तर कपडे जुने आणि रंग नवे, असा पेच पडतो. तरीही या सवयीचा एक मोठा फायदा झाला, असे मला वाटते. चित्र आधी चांगले की वाईट हे न ठरवता त्यात काय आहे ते पाहायचे, ही ती सवय. तसे पाहणाऱ्याला अठरावे शतक रिकामे दिसणे शक्यच नव्हते.

बर्लिन आणि लायडन इथे काम करून १९३६ साली गोएट्झ हिंदुस्थानात आले. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच्या भारतीय संस्कृतीवरचे त्यांचे पुस्तक १९३८ साली कलकत्ता विद्यापीठाने प्रसिद्ध केले. पुस्तकाच्या नावातच ‘संकट’ हा शब्द आहे. राज्ये खिळखिळी झाली, समाजाची घडी विस्कटली, हे ते नाकारत नाहीत. पण त्याच काळात संस्कृतीने नजाकतीची फार वरची पायरी गाठली, असे त्यांचे म्हणणे होते. सत्तेची पडझड आणि कलेची पडझड या दोन गोष्टी एकाच मापाने मोजू नयेत, हा मला त्यातून मिळालेला धडा.

या काळात बडोद्यात काय चालले होते, तेही पाहण्यासारखे आहे. सयाजीराव गायकवाडांनी संग्रहालय उभारले, ते प्रजेच्या शिक्षणासाठी. त्याची इमारत १८९४ सालची. शेजारच्या चित्रदालनासाठी युरोपीय चित्रे घेण्याचे काम इंग्रज समीक्षक स्पीलमन यांच्याकडे होते. पहिल्या महायुद्धामुळे चित्रे विलायतेतच अडकली आणि दालन १९२१ साली उघडले. हिटलर सत्तेवर आल्यानंतर जर्मनी सोडावी लागलेले ज्यू कलेतिहासकार एर्न्स्ट कोन-वीनर १९३४ मध्ये बडोद्याच्या संग्रहालयाच्या कामावर आले. १९३९ च्या फेब्रुवारीत सयाजीराव वारले आणि सप्टेंबरात दुसरे महायुद्ध पेटले. ब्रिटिश अमलाखाली जर्मन माणूस आता शत्रुपक्षाचा ठरत होता. अहमदनगर, देवळाली इथे त्यांच्यासाठी छावण्या उघडल्या होत्या. अशा दिवसांत बडोद्याने आपले संग्रहालय गोएट्झ यांच्या हाती सोपवले. १९४३-४४ पासून संग्रहालयाची संशोधनपत्रिका त्यांच्या संपादनाखाली निघू लागली. बिकानेर संस्थानच्या कलेवरचा त्यांचा मोठा ग्रंथ १९५० सालचा.

दरम्यान १ मे १९४९ रोजी बडोदे मुंबई राज्यात विलीन झाले. ज्या संस्थानाने गोएट्झ यांना नेमले ते उरले नाही, पण संग्रह उरला आणि लोकांचा झाला. २९ मार्च १९५४ रोजी दिल्लीच्या जयपूर हाऊसमध्ये राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाचे उद्घाटन झाले, तेव्हा त्याचे पहिले प्रमुखही गोएट्झच होते. उतारवयात ते जर्मनीत परतले. १९७६ साली ते वारले.

त्यांचा मुद्दा आपल्या अंगणात लावून पाहावा, असे मला सुचवायचे आहे. उदाहरणे माझी आहेत. वेरूळच्या लेण्यांची रेखाटने करणारा गंगाराम तांबट अठराव्या शतकाच्या अखेरीच्या पुण्यातला. सवाई माधवराव आणि नाना फडणीस यांचे जेम्स वेल्सने केलेले चित्र १७९२ सालचे. वाईजवळ मेणवलीच्या वाड्यात नानांच्या काळची भित्तिचित्रे आहेत. या सगळ्यावर ‘ऱ्हासकाळ’ अशी चिठ्ठी डकवली की त्याची यादी करायला कोणी जात नाही. ज्याची यादी नाही त्याची डागडुजी होत नाही आणि एखाद्या पावसाळ्यात भिंतीबरोबर चित्रही जाते. वेल्सचे चित्र लंडनला जपले गेले आहे. आपल्या जुन्या वाड्यांच्या भिंतींवरची चित्रे जपायची तर ती आधी नीट पाहावी लागतील, मग त्यांतल्या जाम्याची लांबी मोजण्यापासून सुरुवात करावी लागली तरी चालेल.