खजिन्याचा डबा आणि हिंगणघाटची कबर

परवा एका मित्राचा मेसेज आला: "चिमूरला जाऊ, एटीव्ही घेऊ आणि जंगलात जिओकॅशिंग करू. बोल!" आयडिया भारी आहे. पण हो म्हणायच्या आधी या खेळाचा इतिहास ऐका, कारण त्याचा एक धागा चिमूरच्या शेजारीच सापडतो.

२००० सालापर्यंत अमेरिका सामान्य लोकांच्या जीपीएसमध्ये मुद्दाम चूक घालायची. तुमची जागा शंभरेक मीटर इकडेतिकडे दिसायची. २ मे २००० ला ती चूक बंद झाली. दुसऱ्याच दिवशी डेव्ह उल्मर नावाच्या माणसाने ओरेगॉनच्या जंगलात एक बादली लपवली आणि तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकले. झालं, खेळ सुरू!

पण जागा अचूक मोजायची आणि तिथे खूण पुरून ठेवायची, हे काम आपल्याकडे दोनशे वर्षांपूर्वीच चालू होतं. १० एप्रिल १८०२ रोजी विल्यम लॅम्बटनने मद्रासजवळ पहिली रेघ मोजायला घेतली. मग त्रिकोणाला त्रिकोण जोडत मोजणी उत्तरेकडे सरकली. आपला मोबाइल सिग्नल यायला किती वेळ लागला त्यावरून उपग्रहांचं अंतर काढतो. लॅम्बटन कोन मोजायचा. त्याचा थिओडोलाइट जवळपास अर्धा टन वजनाचा, आणि तो माणसांनीच टेकडीवर चढवायचा. मोजणीच्या जागी दगडावर वर्तुळ आणि मधोमध टिंब कोरून तो दगड पुरायचे. मला विचाराल तर ही जिओकॅशची आजीच!

हाच लॅम्बटन जानेवारी १८२३ मध्ये हैदराबादहून नागपूरकडे जाताना हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच आहे. हिंगणघाट म्हणजे चिमूरच्या पश्चिमेला, लागूनच्या वर्धा जिल्ह्यात. त्याच्यानंतर काम जॉर्ज एव्हरेस्टकडे आलं. शिखराला नाव दिलंय तोच. पण अर्धा टन ओझं वाहणारे, झाडं तोडून वाट काढणारे आणि जंगलातल्या तापाने मेलेले लोक? त्यांची नावं कुणाला पाठ नाहीत.

आता एटीव्हीचं बघू. चिमूरच्या जंगलाला लागून ताडोबा आहे. १९५५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं, १९९५ मध्ये व्याघ्र प्रकल्प. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानुसार तिथे परवानगीशिवाय शिरता येत नाही. आणि वाघ काही गेटची हद्द पाळत नाही. उन्हाळ्यात मोहफुलं, तेंदूपत्ता वेचायला गेलेली माणसं त्याच्या तावडीत सापडतात. ती पोटासाठी जातात. आपण तिथे डबा लपवून अनोळखी लोकांना आडवाटेला बोलवायचं, वर इंजिनचा आवाज? मला नाही पटत.

मग खेळ सोडायचा का? अजिबात नाही. जिओकॅशिंगमध्ये व्हर्च्युअल कॅश असते. डबा नसतो. जागेवर जायचं, नीट बघायचं, प्रश्नाचं उत्तर द्यायचं. मित्राला मी तेच कळवलंय: जंगल बघायचं तर कोलारा गेटमधून, गाइड घेऊन, जिप्सीत. आणि खजिना शोधायचा तर हिंगणघाटला. काही पुरायचं नाही, काही उचलायचं नाही. तिथून थिओडोलाइट वाहणाऱ्यांची गोष्ट घेऊन यायची आणि चार जणांना सांगायची.