मालमोटार, पेट्रोलवरील : इंधनबचतीचा इतिहास

कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल व हवा यांचे मिश्रण तयार करून ते विजेच्या ठिणगीने पेटविणाऱ्या अंतर्ज्वलन-एंजिनावर चालणाऱ्या मालमोटारी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात भारतात सर्वत्र वापरात होत्या. वाहतुकीच्या खर्चात इंधनाचा वाटा मोठा असल्याने, एका लिटरमध्ये किती अंतर कापले जाते यावर एकाच मोटारीवर संसार चालविणाऱ्या मालकाचा नफातोटा ठरे. उदा., रोज १०० किमी. धावणारी मोटार लिटरमागे ४ ऐवजी ५ किमी. जाऊ लागली, तर दिवसाला ५ लि. व ३०० दिवसांत १,५०० लि. पेट्रोल वाचते. ही बचत साधण्याचे प्रयत्न महाराष्ट्रात तीन मार्गांनी झाले : पेट्रोलऐवजी दुसरे इंधन वापरणे, एंजिनच बदलणे आणि आहे त्या एंजिनाची योग्य जुळणी व देखभाल करणे. पहिल्या दोन मार्गांचे महत्त्व टंचाई व दर यांनुसार कमीअधिक झाले. तिसरा मात्र सर्व काळात उपयुक्त ठरला.

तत्त्व : जर्मन अभियंते व्हिल्हेल्म मायबाख यांनी १८९३ मध्ये फवाऱ्याचा कार्ब्युरेटर प्रचारात आणला. या प्रकारात व्हेंचुरी नावाच्या आकुंचित नळीतून हवा वेगाने जाताना तिचा दाब घटतो आणि प्रोथातून पेट्रोल ओढले जाऊन त्याचे तुषार होतात. पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनास वजनाने सु. १४·७ पट हवा लागते. कमाल शक्तीसाठी हे प्रमाण सु. १२·५ ते १३ पट, तर काटकसरीसाठी सु. १६ पट असावे लागते. म्हणून मिश्रण किंचित विरल केल्यास इंधन वाचते. परंतु ही मर्यादा ओलांडल्यास ज्वलन मंदावते, अधूनमधून मिश्रण पेटतच नाही आणि निष्कास झडपा जळण्याचा धोका संभवतो. शक्ती घटल्याने चालक गतिवर्धक अधिक दाबतो, खालच्या गियरमध्ये जास्त वेळ राहतो आणि वाचलेले इंधन पुन्हा खर्च होते. केवळ जेट बारीक करून केलेली काटकसर म्हणूनच फसवी ठरते.

उंचीचाही मिश्रणावर परिणाम होतो. कोल्हापूरच्या पूर्वेस असलेल्या गडमुडशिंगी–उजळाईवाडी परिसराची समुद्रसपाटीपासून उंची सु. ६०० मी. आहे. तेथील हवा समुद्रकाठच्या हवेपेक्षा सु. ५ ते ६ टक्के विरळ असते. कार्ब्युरेटर हवा आकारमानाने मोजतो. त्यामुळे मुंबईस जुळविलेल्या कार्ब्युरेटरमधून या भागात सु. ३ टक्के अधिक समृद्ध मिश्रण मिळते. उलट, येथे काटकसरीच्या टोकापर्यंत विरल केलेले मिश्रण आंबा घाट उतरून रत्नागिरीस जाणाऱ्या मोटारीस अधिकच विरल पडते आणि परतीच्या चढावर भरलेल्या गाडीची ओढ कमी होते. एकाच जुळणीवर पठार, घाट व कोकण असा प्रवास करणाऱ्या मोटारीला मधली जुळणी स्वीकारावी लागे.

युद्धकाळ : अमेरिकेच्या जनरल मोटर्स कंपनीने १९२८ मध्ये मुंबईत मोटारींची जुळणी सुरू केली आणि शेव्हरोले बनावटीच्या मालमोटारी देशात पसरल्या. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ मध्ये, पेट्रोलचे नियंत्रित वाटप सुरू झाले. त्यामुळे अनेक बसगाड्यांवर व मालमोटारींवर कोळशापासून प्रोड्यूसर वायू निर्माण करणाऱ्या भट्ट्या बसविण्यात आल्या. लोकांत या ‘कोळशाच्या गाड्या’ म्हणून ओळखल्या जात. वायूमिश्रणाचे उष्णतामूल्य कमी असल्याने एंजिनाची शक्ती सु. ३० ते ५० टक्के घटे. भट्टी पेटविण्यात वेळ जाई आणि वायू नीट गाळला न गेल्यास सिलिंडर झिजत. युद्धानंतर पेट्रोल मिळू लागताच ही पद्धत मागे पडली.

डीझेलकडे संक्रमण : वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने १९४४ मध्ये स्थापन झालेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनीने कुर्ला (मुंबई) येथे १९४७ पासून क्रायस्लर समूहाच्या मोटारींची जुळणी केली, त्यांत डॉज व फार्गो मालमोटारी होत्या. जमशेटपूर येथे टेल्को कंपनीने १९५४ मध्ये डाइमलर-बेंझच्या सहकार्याने डीझेल मालमोटारींचे उत्पादन सुरू केले. पुढे डॉज व फार्गो गाड्यांनाही पर्किन्स डीझेल एंजिने बसविली जाऊ लागली आणि पेट्रोलवरील अवजड मालमोटार हळूहळू मागे पडली.

या बदलामागे भक्कम तांत्रिक कारण होते. जुन्या पेट्रोल एंजिनाचे संपीडन गुणोत्तर साधारणतः ६ ते ७, तर डीझेल एंजिनाचे १५ ते २० असते. शिवाय कमी भारावर पेट्रोल एंजिनात थ्रॉटल झडपेमुळे हवेची वाट अडून जी ऊर्जा वाया जाते, ती डीझेल एंजिनात वाचते. एक लिटर डीझेलमध्ये उष्णताही सु. १० टक्के अधिक असते. मात्र शासकीय धोरणामुळे डीझेलचा दर दीर्घकाळ पेट्रोलपेक्षा बराच कमी राहिला. त्यामुळे मालकाची रुपयांतील बचत ही सर्वस्वी उष्णतेची बचत नव्हती. पेट्रोलचे दर जून २०१० पासून व डीझेलचे ऑक्टोबर २०१४ पासून नियंत्रणमुक्त झाल्यावर ही तफावत कमी झाली.

देखभाल : ज्या मालकांना एंजिन बदलणे परवडत नव्हते, त्यांची भिस्त दुरुस्ती करणाऱ्या कारागिरांवर होती. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातील अभियांत्रिकी व्यवसाय मोटारी व तेल एंजिने यांच्या दुरुस्तीतूनच वाढला. सिलिंडरांचे बोअरिंग, नव्या रिंगा बसविणे व झडपा घासून बसविणे या कामांमुळे गेलेले संपीडन परत मिळते. त्याआधी कार्ब्युरेटरला हात लावण्यात अर्थ नसतो. त्यानंतर ठिणगी-गुडदी म्हणजेच प्लग व संपर्कबिंदू यांतील अंतर आणि ठिणगीची वेळ तपासतात. ठिणगी उशिरा पडल्यास उष्णतेचा मोठा भाग निष्कास नळीवाटे वाया जातो. तुंबलेली हवागाळणी, प्लवककोठीतील पेट्रोलची वाढलेली पातळी, झिजलेला जेट आणि पूर्ण न उघडणारा चोक यांमुळे मिश्रण समृद्ध होते. ब्रेक घासणे, टायरांत हवा कमी असणे व क्लच घसरणे हे दोष एंजिनाबाहेरचे असले, तरी इंधनाच्या दृष्टीने तितकेच महाग पडतात.

अरब–इझ्राएल युद्धानंतर १९७३-७४ मध्ये खनिज तेलाच्या किंमती सु. चौपट झाल्या व इंधनबचत हा राष्ट्रीय प्रश्न बनला. १९७८ मध्ये पेट्रोलियम संवर्धन अनुसंधान संघ स्थापन झाला. ताशी ४५–५५ किमी.चा स्थिर वेग, वरच्या गियरचा योग्य वापर आणि थांब्यावर एंजिन बंद करणे या सवयींचा त्याने प्रचार केला. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने चौकोनी हौद्याच्या मालमोटारीस मध्यम वेग विशेष लाभदायक ठरतो. याच काळात चुंबक, बाष्पक व जादा हवा घेणारी नळी अशी अनेक साधने बाजारात आली. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने अशी शंभराहून अधिक साधने तपासली. त्यांपैकी बहुतेकांमुळे उल्लेखनीय बचत होत नसल्याचे आढळले. पुष्कळदा असे साधन बसविताना प्लग बदलले जात व कार्ब्युरेटर स्वच्छ केला जाई. त्याचे श्रेय साधनाला मिळे. टाकी काठोकाठ भरून ठराविक रस्त्यावर सारख्याच भाराने अनेक फेऱ्या करणे व प्रत्येक वेळी इंधन मोजणे, हाच याबाबतचा विश्वसनीय निकष होय.

अलीकडील स्थिती : भारतात २००० पासून उत्सर्जनाचे नियम कडक होत गेले आणि चारचाकी मोटारींतील कार्ब्युरेटरची जागा इंधन अंतःक्षेपण पद्धतीने घेतली. ऊसपट्ट्यात मद्यार्कमिश्रित इंधनाचा प्रश्नही पुढे आला. २००१ मध्ये प्रायोगिक मिश्रणासाठी निवडलेल्या केंद्रांत मिरज हे एक होते. २०२५ पर्यंत पेट्रोलमधील एथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांवर पोहोचले. अशा मिश्रणाच्या पूर्ण ज्वलनास सु. १३·६ पट हवा पुरते. त्यामुळे शुद्ध पेट्रोलसाठी जुळविलेल्या कार्ब्युरेटरमध्ये मिश्रण सु. ८ टक्के विरल होते. दर लिटरमधील उष्णताही सु. ७ टक्के कमी असते. जतन केलेल्या वा अद्याप कामावर असलेल्या जुन्या गाडीत त्यामुळे जेट किंचित मोठा करणे आणि रबरी नळ्या व पडदे तपासणे आवश्यक ठरते. लिटरमागील अंतर थोडे घटले, तरी एंजिन सुरक्षित राखण्यासाठी ते स्वीकारावे लागते.