नारोशंकराची घंटा आणि बुधवारचा बाजार

मागच्या भागात मी स्कॉटलंडमधल्या चर्चच्या आवारातल्या बाजारांचा ओझरता उल्लेख केला होता. त्यावर समथरच्या एका मराठी काकूंनी विचारलं, "जिथं माणसं पुरली, तिथंच खरेदी-विक्री करायला त्यांना काहीच कसं वाटलं नाही?" समथर म्हणजे झाशी जिल्ह्यातलं जुनं संस्थानी गाव. काकू, तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या झाशीवरूनच नाशिकला जातं. पण आधी स्कॉटलंड.

तिथं 1503-04 च्या सुमारास, चौथ्या जेम्स राजाच्या काळात कायदा झाला की सणावारी बाजार भरवू नये आणि चर्चमध्ये किंवा चर्चच्या आवारात तर नाहीच नाही. इंग्लंडमध्ये अशीच बंदी 1285 सालीच आली होती. आता, बंदी घालावी लागली याचा अर्थ बाजार भरत होता, आणि चांगला जोरात भरत होता. कारण सरळ आहे. सगळा गाव प्रार्थनेला एकत्र येणार, संताच्या दिवशी लांबलांबून माणसं येणार. शिवाय सामान्य माणसाच्या थडग्यावर तेव्हा बहुधा दगड नसे. म्हणजे चर्चभोवती मोकळं, कुंपणाचं मैदान आयतंच मिळे. देवाच्या साक्षीनं ठरलेला व्यवहार मोडायला माणूस जरा कचरतो, हेही होतंच.

एडिंबरामध्ये सेंट जाईल्स चर्चच्या भिंतीला दुकानं अक्षरशः चिकटलेली होती. ती हटायला एकोणिसावं शतक उजाडलं. त्याच्या दफनभूमीवर पुढे संसदेची इमारत आणि चौक झाला. धर्मसुधारक जॉन नॉक्स 1572 मध्ये तिथं पुरला गेला. आज त्याची जागा दाखवतात ती गाड्यांच्या पार्किंगमध्ये, 23 नंबरच्या खणात! बाजार गेला, पण जागा काही मोकळी राहिली नाही.

आता झाशी. 1742 मध्ये पेशव्यांनी नारो शंकर यांना तिथं सुभेदार नेमलं. पंधरा वर्षांत त्यांनी किल्ला वाढवला, गाव वसवलं. याच नारो शंकरांनी 1747 मध्ये नाशिकला गोदावरीच्या काठी रामेश्वराचं देऊळ बांधलं. लोक मात्र त्याला नारोशंकराचं मंदिरच म्हणतात. बांधणाऱ्याचं नाव देवाच्या नावावर मात करून बसलं, असं क्वचितच होतं. देवळाच्या दरवाज्यावर एक भली मोठी घंटा आहे. ती ओतली गेली 1721 मध्ये, पोर्तुगिजांसाठी. मे 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, तेव्हा तिथल्या चर्चच्या घंटा मराठी मुलखात आल्या. मेणवलीला आहे, भीमाशंकरला आहे, तशी ही नाशिकला.

म्हणजे बघा, चर्चच्या मनोऱ्यासाठी ओतलेली घंटा आज देवळाच्या दारावर आहे, आणि तिच्यासमोरच्या गोदाघाटावर दर बुधवारी आठवडे बाजार भरतो. कांदे, मेथी, सुकी मिरची, भांडी, कपडे. पलीकडे रामकुंडावर अस्थिविसर्जन चाललेलं असतं. एका हातात पिंडाचं साहित्य आणि दुसऱ्या हातात भाजीची पिशवी, अशी माणसं मी तिथं पाहिली आहेत.

खरं सांगतो, पूर्वी मलाही हे खटकायचं. घाट स्वच्छ हवा, बाजार उठवावा, असं मी मित्रांशी तावातावानं बोलायचो. मग एका बुधवारी पायरीवर बसलेल्या एका मेथीवालीला विचारलं, "इथंच का?" ती म्हणाली, "माणसं इथंच येतात ना, भाऊ." स्कॉटलंडच्या व्यापाऱ्यानंही दुसरं काय सांगितलं असतं? आपल्याकडे जेजुरीला खंडोबाच्या पौष पौर्णिमेला गाढवांचा बाजार भरतो, तो देवाला सोडून दुसरीकडे नेऊन बघा! घाण होते ती उचलायची व्यवस्था हवी, हे मान्य. पण पायरी आणि पथारी एकमेकींच्या वैरी आहेत, हे आता मला पटत नाही.

काकू, एक गोष्ट राहिलीच. नाशिककर गोदेचा पूर याच देवळावरून मोजतात. नारोशंकराच्या घंटेला पाणी लागलं, की समजायचं महापूर. त्या दिवशी बाजार नाही आणि घाटही दिसत नाही. पाणी ओसरलं की आधी गाळ काढला जातो, मग पुढच्या बुधवारी पथाऱ्या पुन्हा पसरतात.