सरकारी दफ्तरे, सरकारी द्रव्य आणि आपल्या समाजाचा इतिहास

आपल्या कुंभार समाजाच्या स्मरणिकेत इतिहासविषयक लेख लिहावयाचा म्हणजे तेरच्या संत गोरोबाकाकांना वंदन करून तेथूनच आरंभ करावयाचा, असा प्रघात पडून गेला आहे. तो योग्यच आहे. गोरोबाकाकांचे चरित्र आपल्या घराघरांत मुखोद्गत असून त्यास कोणत्याही सरकारी कागदाच्या पुराव्याची आवश्यकता नाही. परंतु गोरोबाकाकांच्या काळापासून आपल्या आजे-पणजांपर्यंत जी शतके मध्ये लोटली, त्या शतकांत आपली माणसे कोणत्या गावी नांदत होती, त्यांस बलुते किती मिळे, त्यांचे तंटे कोणापुढे व कसे तुटत, असे कोणी विचारले असता आपल्यापैकी बहुतेकांस निरुत्तर व्हावे लागते. या प्रश्नांची उत्तरे देऊ शकतील असे कागद महाराष्ट्रात विपुल आहेत. ते कोणी जमविले, त्यांच्या छपाईस सरकारने द्रव्य केव्हा व कशासाठी दिले, आणि त्या द्रव्याचा लाभ आपल्यासारख्या समाजांपर्यंत का पोहोचला नाही, एवढाच विषय प्रस्तुत लेखात हाताळावयाचा आहे.

इ. स. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि दक्षिणेचे कमिशनर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी पेशव्यांचे दफ्तर ताब्यात घेतले. इतिहासाची आवड हे त्याचे कारण नव्हते. कोणत्या गावचा वसूल किती, कोणाचे इनाम खरे, कोणाचे वतन जुने, हे कळल्यावाचून नव्या राज्यकर्त्यांना एक वर्षही कारभार हाकता आला नसता. पुढे इनाम कमिशनचे काम चालले, १८५२ च्या कायद्याने त्यास अधिकार मिळाले आणि ठिकठिकाणची दफ्तरे ओढून पुण्यास आणली गेली. अशा रीतीने पुण्याच्या दफ्तरात सुमारे ३५,००० रुमाल साठले. ज्या वाचकांनी रुमाल पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगावयास हवे की, जुन्या काळी कागदांचा गठ्ठा चौकोनी कापडात बांधून ठेवीत व त्या गठ्ठ्यासच रुमाल म्हणत. एकेका रुमालात शेकडो कागद, आणि ते बहुतेक मोडी लिपीतील. शाहू दफ्तर, रोजकीर्द, घडणी, प्रांत अजमास, चिटणिशी अशी त्यांची वर्गवारी आहे. सरकारने हे सारे जतन केले ते जमिनीच्या हिशेबासाठी, आणि कोणी नवे दावे उकरून काढू नयेत या भीतीने ते अनेक वर्षे कुलुपातही ठेविले. सरकारच्या संशयामुळे का होईना, कागद वाचले हे खरे.

हे कुलूप प्रथम किलकिले झाले ते न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पिढीच्या खटपटीने. रावबहादूर गणेश चिमणाजी वाड यांनी पेशव्यांच्या रोजनिशींतून उतारे निवडले व ते विसाव्या शतकाच्या आरंभी सरकारच्या परवानगीने खंडशः प्रसिद्ध झाले. या उताऱ्यांवर रानडे यांनी १९०० च्या सुमारास एक प्रस्तावनावजा निबंध लिहिला. त्यात राज्यकारभार, लष्कर, चलन, न्याय इत्यादी विषयांच्या ओघात एक लहानशी नोंद आली आहे, ती आपल्या समाजातील प्रत्येकाने ध्यानात ठेवावी अशी आहे. कुंभारांनी आपल्या लग्नातील वधूवरांची वरात घोड्यावरून काढण्यास सुतार व लोहार यांनी हरकत घेतली होती. हा वाद पेशवे सरकारपुढे गेला आणि सरकारने कुंभारांचा हक्क मान्य केला.

या एका ओळीत केवढा इतिहास साठविलेला आहे! सुतार, लोहार व कुंभार हे तिघेही एकाच गावगाड्याचे बलुतेदार. तिघांनीही शेतकऱ्याच्या खळ्यावरून आपापला वाटा उचलावयाचा आणि त्याच्या घरचे काम करावयाचे. असे असता वरातीच्या घोड्यावरून त्यांच्यात तंटा माजावा, तो थेट सरकारदरबारी पोहोचावा आणि आपल्या पूर्वजांनी तेथे आपली बाजू मांडून निकाल पदरात पाडून घ्यावा, यावरून ते लोक मुकाट्याने सर्व सोसणारे होते ही समजूत खोटी ठरते. निकाल मागावयास गेलेली माणसे कोण, त्यांनी कोणता पुरावा दिला, याविषयीचे मूळ कागद जर उरले असतील तर ते त्याच रुमालांत असावयाचे. सुतार-लोहार बांधवांशी आज आपले उत्तम संबंध आहेत, तेव्हा हा दाखला कोणास खिजविण्यासाठी दिलेला नाही, हेही येथेच नमूद करून ठेवितो.

यानंतरचा मोठा उद्योग १९३० ते १९३४ या काळातला. सर जदुनाथ सरकार यांच्यासारख्या विद्वानांनी दफ्तर उघडण्याविषयी सरकारच्या मागे सतत लकडा लावला होता. अखेरीस मुंबई सरकारने पुण्याचे दफ्तर तपासून निवडक कागद छापण्याचे ठरविले व ते काम रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांच्यावर सोपविले. रियासतकार १८६५ चे. म्हणजे हे काम हाती घेतले तेव्हा त्यांचे वय पासष्टीस टेकले होते. बडोद्याची नोकरी संपवून विश्रांती घ्यावयाच्या वयात या पुरुषाने हाताखाली मोजके सहाय्यक घेऊन ते रुमाल चाळले आणि अवघ्या चार-पाच वर्षांत ‘पेशवे दफ्तरातून निवडलेले कागद’ या मालेचे ४५ खंड सरकारी छापखान्यातून बाहेर काढले. पुढे पुणे रेसिडेन्सीच्या इंग्रजी पत्रव्यवहाराची मालाही सरकार व सरदेसाई या जोडीच्या देखरेखीखाली निघाली. इतिहासाचार्य राजवाडे यांनी १८९८ पासून मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे २२ खंड काढले, ते घरोघर हिंडून व पदरमोड करून. वासुदेवशास्त्री खरे यांनी ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ मिरजेस बसून असाच स्वबळावर काढला. त्यांच्या वाट्यास जे आले नाही ते सरकारी पाठबळ रियासतकारांस लाभले आणि काम किती झपाट्याने होऊ शकते हे सर्वांस दिसून आले.

तथापि या ४५ खंडांत छापले काय गेले? पहिला खंड उदगीरच्या लढाईचा, दुसरा पानिपतचा. पुढेही लढाया, तह, स्वाऱ्या, पेशव्यांच्या घरातील पत्रे. सामाजिक व धार्मिक बाबींना स्वतंत्र असा वाहिलेला खंड म्हणजे ४३ वा. रियासतकारांना दोष देणे कृतघ्नपणाचे होईल. मुदत थोडी, पैसा मोजका आणि वाचकवर्ग पानिपतासाठी आसुसलेला, अशा स्थितीत कोणीही हेच केले असते. परंतु सरकारी द्रव्य एकदा ज्या कागदांवर खर्च झाले तोच इतिहास ठरला आणि जे कागद रुमालांत राहिले ते जणू घडलेच नाहीत, असा समज रूढ झाला, तो मात्र आपल्यासारख्यांस फार महाग पडला आहे.

आपल्याच भागातील उदाहरण घ्या. आपल्या पाथर्डीचा मुलूख पूर्वी शेवगाव तालुक्यात मोडत असे. त्याच शेवगावच्या नावाने ६ मार्च १७२८ चा मुंगी-शेवगावचा तह प्रसिद्ध आहे. पालखेड येथे कोंडीत सापडलेल्या निजामाने शाहू महाराजांचा चौथाई-सरदेशमुखीचा हक्क पुन्हा मान्य केला तो या तहाने. त्या प्रकरणाची पत्रे छापली गेली आहेत व ती शाळेतल्या मुलांसही ठाऊक असतात. पण ती चौथाई शेवटी कोणाच्या खळ्यावरून उचलली गेली? गर्भगिरीच्या डोंगराकडेची ही गावे, एका अंगास मराठ्यांचा अंमल व दुसऱ्या अंगास निजामाचा, फौज कोणाचीही आली तरी तिला पाणी भरून ठेवण्यास रांजण-घागरी लागावयाच्याच. त्या कोणी घडविल्या व त्यांचे मोल मिळाले की वेठीत गेले, हे तहनाम्यात शोधून सापडावयाचे नाही. ते सापडले तर प्रांत अजमासात, गावच्या जमाखर्चात व महजरांत सापडेल, आणि तो भाग बव्हंशी अद्याप अमुद्रित आहे. हिरोशी फुकाझावा हे जपानी पंडित वाडांच्या रोजनिशी व पेशवे दफ्तरातील कागद अभ्यासून अठराव्या शतकातील जाती व राज्यसंस्था यांचा संबंध उलगडून दाखवितात, हे पाहून आनंद वाटतो, आणि आपणास थोडी लाजही वाटल्यावाचून राहत नाही.

सरकारी द्रव्याचा हा स्वभाव केवळ आपल्याकडचा आहे असे नाही. अमेरिकेत पीटर फोर्स नावाच्या गृहस्थाने त्या देशाच्या स्वातंत्र्ययुद्धाचे अधिकृत कागद जमवून छापण्याचा उद्योग १८३३ साली तेथील काँग्रेसच्या आधाराने आरंभिला. १८३७ ते १८५३ या काळात नऊ मोठे खंड निघाले. नंतर मंत्री बदलले, मार्सी नावाच्या नव्या मंत्र्याने पुढील मजकुरास मंजुरी नाकारली आणि सारी योजना जागच्या जागी थांबली. फोर्सने जमविलेला संग्रह १८६७ मध्ये तेथील राष्ट्रीय ग्रंथालयाने एक लाख डॉलरला विकत घेतला म्हणून तो तरी वाचला. आपल्याकडेही पंचेचाळिसाव्या खंडानंतर तो ओघ आटला. पुढे डॉ. पु. म. जोशी यांच्या संपादकत्वाखाली १९५७ पासून नव्या मालेचे थोडे खंड निघाले, पण पूर्वीचा वेग पुन्हा आला नाही.

मात्र समाजाने मागणी लावून धरली म्हणजे सरकारची थैली निराळ्या दिशेनेही सुटते, हे स्वातंत्र्योत्तर काळात दिसले. मुंबई सरकारने स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासाची साधने आपल्याच गुप्त दफ्तरांतून काढून १९५७ पासून छापली. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९६९ साली महात्मा फुले यांचे समग्र वाङ्मय प्रसिद्ध केले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे लेखन व भाषणे १९७९ पासून शासनाने खंडशः आणली, त्यात वसंत मून यांचे परिश्रम अविस्मरणीय आहेत. बलुतेदारांच्या कागदांसाठी असा आग्रह कोणी धरला नाही. आपण बारा जण बारा दिशांना तोंडे करून बसलो, असे म्हटल्यास रागावू नये.

येथवर वाचून एखादा व्यवहारी वाचक म्हणेल की, हे सर्व विद्वानांचे काम, आम्हांस त्याचे काय? त्याने आपल्या घरातील शिकत्या मुलाकडे पाहावे. इतर मागास वर्गाच्या जातपडताळणीस १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. तो शाळेच्या दाखल्यात न मिळाला म्हणजे शोध सुरू होतो गाव नमुना १४ चा, ज्यास लोक कोतवाल बुक म्हणतात. गावात कोण जन्मले, कोण वारले, त्यांची जात कोणती, या नोंदी त्यात. जुनी पाने मोडीत. ती लिपी शाळांतून गेल्यामुळे वाचणारा मिळत नाही, आणि पान जीर्ण होऊन तुटले की त्या घराण्याची एक पिढीच पुसली जाते. बीड जिल्ह्याच्या बाजूने पोटासाठी सीमा ओलांडून इकडे आलेल्या कुटुंबांची अडचण तर दुहेरी, कारण तिकडचे १९४८ पूर्वीचे कागद निजामी अमदानीतले, पुष्कळसे उर्दूतले.

२०२३ साली शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली कुणबी नोंदींच्या शोधासाठी समिती नेमली, तेव्हा तालुक्या-तालुक्यांत हीच बुके बाहेर निघाली, मोडी जाणकारांस बोलावणी गेली आणि लक्षावधी नोंदी हाती आल्या. आरक्षणाच्या वादात शिरण्याचे येथे प्रयोजन नाही. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे एवढेच की, ज्या बुकात कुणब्याची नोंद आहे त्याच बुकात, पुष्कळदा त्याच पानावर, शेजारच्या कुंभाराची, तेल्याची, न्हाव्याचीही नोंद आहे. बुक एकदा उघडले व वाचले गेले असता सर्वच जातींच्या नोंदी उतरून घेण्यास अधिक खर्च तो किती लागावा? ही मागणी आपल्या मंडळाने इतर बलुतेदार समाजांस बरोबर घेऊन जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी करावी, असे मी सुचवितो. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम २००५ चा आहे, त्याचा आधार अर्जात घेता येईल. शासनाचे पुराभिलेख संचालनालय मोडीचे प्रशिक्षणवर्गही चालविते. आपली दोन-चार शिकलेली मुले तेथे पाठविली तर परक्याच्या दारी जावे लागणार नाही.

सरकारी दफ्तराविषयी इतके लिहिले, तेव्हा घरच्या दफ्तराविषयी न लिहिणे अप्रामाणिकपणाचे होईल. आमच्या घरी माळवदावर एक पत्र्याची पेटी होती. तीत वतनाचे म्हणून काही मोडी कागद असत. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गाववतने नाहीशी झाली, तेव्हा आता या कागदांचा उपयोग काय, असा विचार वडीलमंडळींनी केला. एका पावसाळ्यात भुसा-गोवऱ्या ओल्या झाल्या असता आवा पेटविण्यास त्या पेटीतले गठ्ठे घेतले गेले. जे घडले त्याबद्दल कोणास बोल लावावयाचा? मीच लहानपणी त्यातला एक गठ्ठा अंगणात नेऊन दिल्याचे मला आठवते. पुढे घरातील एका मुलाच्या पडताळणीच्या वेळी आम्ही कचेऱ्यांचे उंबरे झिजविले, आणि एका ठिकाणी तर “तुमचे जुने कागद तुम्हीच सांभाळावयास हवे होते” असे ऐकून घ्यावे लागले. त्यास उत्तर नव्हते. अखेर कोतवाल बुकातील आजोबांच्या एका भावाच्या जन्माची नोंद सापडली व काम झाले.

दरवर्षी होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत मढीस कानिफनाथांची यात्रा भरते, तेथे गाढवांच्या बाजारास आपली माणसे दूरदूरच्या गावांहून येतात. कित्येक भटक्या जमातींच्या पंचायती पिढ्यान्‌पिढ्या तेथे बसत आल्या व त्यांचे निवाडे तोंडीच राहिले. त्या बाजारात आपल्या समाजातील वृद्धांना गाठून कोणाच्या घरी जुने कागद आहेत एवढे जरी या वर्षी विचारून वहीत उतरविले, तरी त्यास सरकारी मंजुरीची वाट पाहावी लागणार नाही. आमच्या पेटीच्या तळाशी चिकटून राहिलेले तीन कागद शिल्लक आहेत. एका मोडी जाणकाराने ते वाचून दिले. दोन सावकारी देण्याचे निघाले. तिसरा खळ्यावरच्या बलुत्याचा असून त्यात घरोघर दिलेल्या मडक्यांची व त्याबद्दल आलेल्या ज्वारीच्या पायल्यांची यादी आहे. ज्या घरी मडकी गेली पण ज्वारी आली नाही, त्यांच्या नावांपुढे फुली मारलेली आहे.