ओल कुठून आली?

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी ‘सोसायटीच्या इतिहासावर काहीतरी लिहा’ असे सेक्रेटरीसाहेब म्हणाले. स्थापना, पहिली सभा, रस्ता, वीज हे इतर मंडळी लिहितीलच. मी इतिहास लिहिणार आहे तो माझ्या बाथरूमच्या भिंतीवरच्या एका डागाचा. जन्मभर बँकेत काढलेल्या माणसाला हिशेब जुळेपर्यंत चैन पडत नाही, आणि हा हिशेब जुळायला बरीच वर्षे गेली.

आपला भाग अवर्षणाचा. वर्षाकाठी पाऊस सहा-सातशे मिलिमीटरच्या आतबाहेर, उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर. इथे भिंतीला ओल यावी कशाला? पण ओल आपल्या घरांत पूर्वीपासूनच. माझे लहानपण माळवदाच्या घरात गेले. पावसाळ्याआधी वर पांढरी माती पसरून चोपायची, तरी एखाद्या रात्री घमेली मांडावी लागतच. न्हाणी मात्र परसात. दगडी शिळा, शेजारी बंब, आणि सांडपाणी उघड्या पन्हळीतून थेट अळवाला. पाणी जाई ते डोळ्यांदेखत. गळती शोधायची वेळच यायची नाही.

भिंती मातीच्या नाहीतर चुन्याच्या. चुना श्वास घेतो, म्हणजे आत मुरलेली ओल वाफेने बाहेर सोडतो. मग सिमेंट आले. १९१४ मध्ये पोरबंदरला कारखाना सुरू झाला, आणि पुढे हळूहळू घाणीवर चुना मळणारे बैल दिसेनासे झाले. सिमेंटचा गिलावा मजबूत खरा, पण आतली ओल सहज सोडत नाही. ती वाट काढत निघते आणि भलतीकडेच उगवते. वर आपले बोअरचे पाणी क्षाराचे, त्यामुळे लोणा लागतो आणि रंगाचे पापुद्रे हातात येतात.

पाणी आत राहू न देण्याची अक्कल तशी जुनीच. मोहेंजोदडोच्या मोठ्या स्नानकुंडाला साडेचार हजार वर्षांपूर्वी डांबराचा थर दिलेला होता. इतके लांब कशाला, आपल्या शेजारच्या विजापुरात आदिलशाहीत मातीच्या नळांतून पाणी खेळवले, आणि नळ फुटू नयेत म्हणून पाण्याचा जोर मोडायला जागोजागी ‘गंज’ नावाचे मनोरे बांधले. ते आजही उभे आहेत, कुणीही जाऊन पाहावेत. आमच्या बिल्डरने वर टाकीकडे जाणारा लोखंडी पाइप दिसायला बरे म्हणून माझ्या बाथरूमच्या भिंतीत गाडला.

हे कळले नंतर. डाग पहिल्यांदा दिसला तेव्हा सोसायटीला दहा-बारा वर्षे झाली असतील. छताखाली हातभर, बेडरूमच्या बाजूने. वर गुरुजी राहायचे, निवृत्त शिक्षक. डाग वरच्या अंगाला, म्हणजे पाणी वरून, म्हणजे गुरुजींचे. मी सरळ सोसायटीला लेखी पत्र दिले. त्यात ‘बेजबाबदार’ असा शब्द आहे. गुरुजींनी बिचाऱ्यांनी फंडातले पैसे काढून बाथरूम उखडले, नवा कोबा, नव्या फरशा केल्या. डाग गेला नाही. मी म्हणालो, काम हलके केले. त्यानंतर जिन्यात भेटलो तरी बोलणे नाही. पुढे ते मुलाकडे पुण्याला गेले, घर चार महिने कुलूपबंद होते, आणि डाग तसाच ओला. तेव्हाही मी मनाशी म्हटले, मुरलेले पाणी आहे, वाळायला वेळ लागायचा. माणसाने एकदा ठरवले की पुरावा समोर येऊनही दिसत नाही.

दोन वर्षांपूर्वी गुडघ्यांमुळे कमोड बसवायचे ठरले. गवंडी जुना माणूस. म्हणाला, ‘साहेब, छन्नी लावायच्या आधी बघू तरी.’ डागावर प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने लावला. दुसऱ्या दिवशी थेंब आतल्या बाजूने, म्हणजे ओल हवेतली नव्हे, भिंतीतलीच. मग वरच्या नव्या मालकांच्या परवानगीने त्यांची जाळी बंद करून दोन इंच पाणी ४८ तास कोंडले. पेन्सिलची खूण हलली नाही. त्याने विचारले, ‘डाग कधी वाढतो?’ मला सांगता येईना. रोजमेळ लिहिणाऱ्या माणसाला!

मग महिनाभर कालनिर्णयच्या चौकोनात टिंबे मांडली. डाग गडद झाला की तांबडे. वर कोण आहे, कोण आंघोळ करते याच्याशी त्याचा काही मेळ लागेना. मेळ लागला तो पंपाशी. हौदातून टाकीत पाणी एक दिवसाआड चढवायचो, आणि तांबडे टिंबही एक दिवसाआड. सांडपाण्याचा नळ वापरला तरच गळतो, जोराच्या पाण्याचा नळ जोर आला की जास्त गळतो, एवढे साधे होते. प्लंबरने पाइपला हातपंप आणि प्रेशरचा काटा लावला. काटा उतरत गेला. वीतभर भिंत फोडली तर एल्बोपाशी, जिथे आटे पाडताना जस्त निघून जाते तिथे, लोखंड चाळणीसारखे झालेले.

सामायिक पाइपची गळती उपविधीप्रमाणे सोसायटीच्या खर्चाची. म्हणजे गुरुजींचा एक रुपयाही जायचे कारण नव्हते. वार्षिक सभेत मी ठराव मांडला. निम्मे सोसायटीने, निम्मे मी, असा चेक पुण्याला पाठवला आणि फोन केला. गुरुजी बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘मी तेव्हाच सांगत होतो.’ एवढेच. चेक त्यांनी वटवला. मला बरे वाटले.

आपल्या कुंभारीत गोदूताई परुळेकर वसाहतीची दहा हजार घरे २००६ मध्ये विडी कामगार भगिनींना मिळाली, २०२४ च्या जानेवारीत रे नगरची १५ हजार. तिथल्या भिंतीतल्या पाइपांचेही वय वाढतेच आहे. आपल्या तिन्ही विंगचे जुने पाइप या वर्षी बाहेरून घ्यावेत, ही कमिटीस सूचना.

आणि एक. माझे ते पत्र फायलीत अजून आहे. ते काढून टाकू नये. बँकेत चुकीची नोंद खोडत नाहीत, उलट नोंद करतात. या लेखाची एक प्रत त्याच पत्रामागे लावावी, आणि स्मरणिकेची एक प्रत गुरुजींच्या पुण्याच्या पत्त्यावर पाठवावी. टपालखर्च मी देईन.